खूण सांगायची नसते

सातपूर, १६ जानेवारी १९८३

हौसे,

आशीर्वाद असतोच, त्यासाठी ओळ घालवत नाही. तुझं कार्ड आलं. दिवाळीनंतर पहिल्यांदा आईची आठवण झाली, तीही काम निघालं म्हणून. कार्डाखाली 'हंसा' अशी सही आहे. ही हंसा कोण? मी हौसा नावाची पोरगी वाढवली, ती मुंबईला चित्रांच्या कॉलेजात शिकते. तिला हे पत्र दे.

तू लिहितेस, शेवटचं वर्ष आहे, परीक्षेला एक मोठं काम करायचं आहे. आपल्या गावच्या पाण्याचं, हवेचं जे काय दुखणं असेल ते मांडायचं, पण चित्र काढायचं नाही, नुसत्या अक्षरांनी मांडायचं. हे मी घाटावर शेजारच्या दगडावर धुणाऱ्या भागीबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अक्षरांनी दुखणं सांगायचं म्हंजे डॉक्टरची चिठ्ठी का गं? ती तर कोनालाच वाचता येत नाय." मला दुसरीपर्यंत शिकवलं त्या मास्तरांनी एका पावसाळ्यात सगळी अक्षरं संपवली होती. तुम्हाला चार वर्षं पुरत नाहीत.

आणि त्या कामासाठी तुला आपल्या खुणा पाहिजेत. सगळ्या घरांच्या. तर नाही. देणार नाही.

तू परटाची मुलगी, तुला सांगायला नको, पण मुंबईत विसरली असशील. सुई तापवून बिब्ब्यात खुपसते आणि कापडाच्या कोपऱ्यात खूण घालते, ती माझ्या एकटीसाठी. कोणाचे तीन ठिपके, कोणाची कोयरी, कोणाची नुसती आडवी रेघ. तुझ्या आजीने मला पहिल्या दिवशी घाटावर बसवलं आणि एवढंच सांगितलं, खूण सांगायची नसते. कोणाच्या घरात आजारपण आहे, कोणाचा नवरा पिऊन येतो, कोणाच्या पोरीला दिवस गेलेत, कापड सगळं परटिणीला सांगतं. कापड कोणाचं ते कळलं की उरलेलंही कळलं. आपण तोंड शिवून ठेवतो म्हणून लोक आपल्याकडे बोचकं देतात. ते मी तुझ्या कॉलेजच्या भिंतीवर टांगू?

राहिलं पाण्याचं. दिवाळीत घाटावर उभी राहून मोठ्याने म्हणालीस, हे पाणी नाही, विष आहे, यात कपडे धुऊ नका. तेव्हा यशोदाबाईंची मोलकरीण बोचकं घेऊन मागेच उभी होती. वरच्या अंगाला तो मुलाम्याचा कारखाना आहे ना, त्याच्या मोठ्या साहेबांची बायको ती यशोदाबाई. गोष्ट कॉलनीभर झाली आणि दोन घरं गेली. तू बोललीस आणि गाडीत बसलीस. मी इथंच आहे, त्याच दगडावर.

आपल्या नासर्डी नदीला काही झालेलं नाही. कारखाने चालू असतात तेव्हा पाण्याला जरा रंग येतो. मी पांढरं कापड सुट्टीच्या दिवशी धुते आणि रंगीत इतर दिवशी. झालं. त्याला अक्षरं कसली लावायची?

तब्येत बरी. अक्षर वाकडं आलंय ते बोटांवर बिब्बा उतलाय म्हणून.

तुझी आई नवसाबाई
(नाव तेच आहे, बदललेलं नाही)


सातपूर, १३ फेब्रुवारी १९८३

हौसे,

द्राक्षांच्या पेट्या मुंबईला टाकून खंडेराव ट्रक घेऊन परत आला आणि तुझं बोचकं दारात ठेवून गेला. दिवाळीपर्यंत तू दर महिन्याला त्याच्याबरोबर धुणं धाडायचीस. दिवाळीनंतर बंद केलंस. होस्टेलात स्वतः धुत असशील, कसं ते मला माहीत आहे, कॉलर तशीच काळी. मी मनात म्हटलं होतं, पोरगी मळकं कापड धाडील त्या दिवशी समजायचं राग गेला. हे लिहिणार नव्हते. आता लिहिलं गेलं तर राहू दे.

उघडलं तर एकच कापड. मांजरपाट, पातळाएवढं लांब. काय दशा करून ठेवली होतीस! हिरवे-पिवळे डाग, शाई सांडलेली, आणि जिकडेतिकडे अक्षरं उमटलेली, कोणाचा पाय तुटलेला, कोणाचं डोकं गेलेलं. छापखान्यात पुसायला घेतलं होतंत का? खंडेराव म्हणाला, "मावशी, जपून बरं. पोरीनं लय नीट घडी घालून दिलंय, चुरगळू नका म्हनली." मी म्हटलं, "परटिणीला कापडाची घडी शिकवतो? तू गाडी हाक."

सोड्यात भिजत घातलं. भट्टी दिली. तरी अक्षरं हटेनात. मग दगडावर घेतलं, लिंबू चोळलं. एक 'ड' होता, लय चिवट. शेवटी तोही गेला. आता कापड बगळ्यासारखं झालंय. नीळ दिली, खळ केली, इस्त्री मारली. भागीबाई म्हणाली, "नवरीला नेसवावं असं केलंस."

आणि हो, ते नदीवर नेलं नाही. मल्हारीच्या मळ्यातल्या विहिरीवर नेलं. सहज. रिकामी होते.

खंडेरावच्या गाडीचं काहीतरी काम निघालंय, ती सुरू झाली की पाठवते. पुढचं बोचकं मोठं बांध. चादरी, उशांचे अभ्रे, सगळं टाक. लाजू नकोस.

आई


सातपूर, २ मार्च १९८३

हौसे,

तुझं पत्र वाचायला फार वेळ लागला. जोडाक्षरं भरपूर आणि शिव्या एकही नाही. चार शिव्या घातल्या असत्यास तर लवकर समजलं असतं.

म्हणजे ते मळलेलं नव्हतं. तेच तुझं काम होतं. एका टोकाला 'नासर्डी' ठसठशीत, मग कापड खाली येईल तसं अक्षर नासत जातं, काना गळतो, वेलांटी झडते आणि शेवटाला काहीच वाचता येत नाही. कापड म्हणजे नदी. तू सबंध महिना ते रंगवलंस आणि आईला बघायला धाडलंस. चिठ्ठी पोस्टाने टाकलीस, ती कापडानंतर आली. वाचता येऊ नये म्हणूनच ते तसं होतं, आणि मी वाचता येत नाही म्हणून धुतलं.

मी काय करणार? वाचता न येणारी अक्षरं मला जन्मभर भेटली. बँकेत भेटली, दवाखान्यात भेटली. अशी अक्षरं मुद्दाम काढतात आणि त्याला मार्क देतात हे मला कोण सांगणार होतं? कापडावर लिहायला कागद काय महाग झाला होता? तुझ्याकडून कापड आलं म्हणून मी हरखले, एवढंच माझं चुकलं.

भागीबाईला सांगितलं तर तिनं डोक्याला हात लावला. "म्हंजे तू पोरीची परीक्षा धुतलीस?" मग तिला हसू आलं. मला आलं नाही.

सगळ्या पत्रात एकच सवाल तू दोनदा लिहिलास. नदीला काही झालेलं नाही म्हणतेस, मग माझं कापड विहिरीवर का नेलंस? तर उत्तर हे, घाटावर गर्दी होती.

गर्दी नव्हती. गर्दी आता होतच नाही. घाटावर मी आणि भागीबाई, दोघीच उरलोय. तिच्या अंगठ्याचं नख निघून आलं. माझ्या बोटांचं तुला बिब्बा म्हणून लिहिलं होतं. बिब्बा कोपरापर्यंत उतत नाही. यशोदाबाईंच्या नव्या चादरीला धुताना भोकं पडली, तेव्हा त्या म्हणाल्या, "नवसाबाई, हात जड झाला तुझा." मी हो म्हटलं. पाण्याचं नाव घेतलं नाही. पाणी सोडणारे साहेब त्यांचे आणि माझी चूल पेटवणारं धुणंही त्यांचंच.

पण तुझं कापड त्या पाण्यात घालायला माझा हात गेला नाही. कळलं? आता परत विचारू नकोस.

महिनाअखेर काम द्यायचं आहे आणि पहिल्यासारखं रंगवायला वेळ नाही, म्हणतेस. नाही दिलं तर वर्ष गेलं. खुणा मिळाल्या तर अजून काही करता येईल, म्हणतेस. पुन्हा तेच. आपण लोकांच्या खुणांवर पोट भरतो, हौसे, त्यांच्यावर परीक्षा पास होत नाही.

खंडेरावची गाडी अजून खोललेलीच आहे. कापड इथंच आहे, दोरीवर. येता-जाता डोळ्यांत सलतं.

आई


सातपूर, १४ मार्च १९८३

हौसे,

खंडेराव उद्या निघतोय. कापड देते आहे. त्याआधी काय झालं ते वाच, नाहीतर तुला वाटेल तुझी आई बदलली.

मी विचार केला, खूण काही माझी नाही. घराची आहे. मग घराला विचारायला काय हरकत? आजवर कोणत्या परटिणीने असं विचारलं नसेल. पहिलं शाळेतल्या मास्तरीण बाईंकडे गेले.

"बाई, तुमची खूण पोरीच्या कामाला देऊ का?"

"माझी खूण? आहे तरी काय?"

"चमचा."

"चमचाच का?"

"तुमच्या साडीवर आमटी नसली तर मला वाटतं दुसऱ्या घरचं बोचकं आलं."

हसून हसून खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "द्या, द्या. मुंबईला कळू दे." त्यांनी हो म्हटलं म्हणून तुला सांगितलं. बाकीच्यांची खूण कोणती ते तुलाही सांगणार नाही. असं करत घरोघर हिंडले. कोणी हसलं, कोणी वेडी म्हणालं. एका म्हाताऱ्याने धोतराचा सोगा डोळ्यांशी नेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "बायकोला म्हाईत होतं का हे?" मी म्हटलं, "तिनंच दावली होती कुठं घालायची ते." त्याने हो म्हटलं. नाही कोणी म्हटलं नाही.

मग यशोदाबाई. ते घर सोडलं असतं तर बरं झालं असतं, पण सगळ्यांना विचारलं आणि त्यांना चुकवलं तर ती चोरी झाली असती.

"माझ्या कापडावर तू काही लिहितेस?" त्या म्हणाल्या.

"या घरात आलात तेव्हापासून, बाई."

त्यांना खोटं वाटलं. कपाट उघडून पातळं खाली काढली, पदर पाहिला, काठ पाहिले, सापडेना. मी निऱ्यांच्या आतल्या कोपऱ्यात दाखवली. त्यांना गंमत वाटली. चहा टाकायला सांगितला. मग विचारलं, "मुंबईला कशाला हवी?" मी खरं ते सांगितलं. नदीचं काम आहे, पोरगी परीक्षेला मांडणार आहे.

चहा आलाच नाही.

"साहेबांचं नाव येणार त्यात?"

"नाव कोनाचंच नाय, बाई. नुसती खूण."

"आणि लोक विचारतील ही कोणाची, तेव्हा तू सांगशील."

इथं मला राग आला. म्हटलं, "आजवर काय सांगितलं, बाई? तुमच्या घरातलं काय काय म्हाईत हाय मला. एक शब्द बाहेर गेला?"

हे बोलायला नको होतं. मी त्यांना भरवसा द्यायला बोलले आणि त्या भिंतीसारख्या पांढऱ्या झाल्या. चादरी, उशा, साहेबांचे शर्ट, सगळं माझ्या हातून जातं आणि मला डोळे आहेत, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. खाली बसून त्यांनी पातळांच्या घड्या घालायला घेतल्या, त्यांना येत नव्हत्या. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "राहू दे. उद्यापासून आमचं धुणं नेऊ नकोस. कॉलनीतल्या बाकीच्यांनाही सांगेन."

मी जिना उतरून रिकाम्या हातांनी घरी निघाले. वाटेत एकच डोक्यात होतं. इतकी वर्षं मी पाण्याबद्दल गप्प बसले ती त्यांच्यासाठी, आणि त्यांना माझ्या गप्प बसण्याचीच भीती वाटली. मग मी कोणासाठी गप्प बसले होते?

घरी येऊन कापड दोरीवरून काढलं. ज्यांनी हो म्हटलं त्यांच्या खुणा घातल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. यशोदाबाईंची घातली नाही. त्यांनी नाही म्हटलं, विषय संपला.

मग कापड नदीवर नेलं. सुट्टीच्या दिवशी नाही. कारखान्याचा भोंगा झाला, पाणी रंगावर आलं, तेव्हा. भागीबाई बोलली, "अगं, धुतीस का मळवतीस?" मी म्हटलं, "दोन्ही." ती उठली आणि तिनं दुसरं टोक धरलं. आपल्या कपड्यांना करतो तेच केलं, साबण, धोपटणं, खळबळून काढणं, पुन्हा साबण. वाळायला टाकलं आणि दोघी समोर बसून बघत राहिलो. हिरवट पिवळा रंग वाळेल तसा वर येत गेला. एका जागी कापड विरलंय, तिथं जपून धर. रंग मी लावलेला नाही, ते तुमच्या सरांना सांग.

पूर्वीच्या कामासारखं हे सुबक नाही. अक्षरं तू घाल, नाहीतर तुम्हाला मार्क मिळायचे नाहीत. अट एकच. खूण कोणाची आहे ते सर विचारोत नाहीतर सरांचे सर, तुला माहीत नाही. माहीत असली तरी नाही.

आई


सातपूर, १० एप्रिल १९८३

हौसे,

पत्र मिळालं. घाटावर वाचलं, दोनदा, कारण पहिल्यांदा भागीबाई मध्ये मध्ये बोलत होती.

तू कापडावर एकच ओळ घातलीस, लाँड्रीच्या पाटीसारखी, जाड तांबड्या अक्षरांत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. 'येथे कपडे स्वच्छ धुऊन मिळतील.' त्यातला 'स्वच्छ' मला तिसऱ्या दमात वाचता आला. वाचला आणि हात कपाळावर मारला. भागीबाईला अर्थ सांगायला लागला नाही. तिनं आपला नख गेलेला अंगठा वर केला आणि म्हणाली, "हे पन टांगायचं होतं शेजारी."

बाहेरून आलेल्या परीक्षकाने तुला खुणांचं विचारलं. कोणती कोणाची, त्यातून काय समजतं, कॉलेजात शिकतेस तर नीट समजावून सांग. तू म्हणालीस, सांगता येणार नाही. तो म्हणाला, अभ्यास अपुरा आहे. मार्क कापले. पास तरी होशील असं तुमचे सर म्हणतात. खुणा राखल्यास आणि गुण घालवलेस. मी यावर काय लिहू? मला दोन ओळी सुचतात आणि दोन्ही खोडते. खोडलेलं तू वाचायचा प्रयत्न करशील, तुम्हाला ते शिकवलंय. करू नकोस.

आता इथलं. यशोदाबाईंनी बोलल्याप्रमाणे केलं. कॉलनीतलं एक मास्तरीण बाईंचं घर तेवढं राहिलं. मी मल्हारीच्या विहिरीवर धुते, तिचं पाणी उन्हाळ्यात आटतं, वैशाखात तो नाही म्हणेल. भागीबाई नदीवरच जाते. तिला मी बोलले, रागावले. ती म्हणाली, "मग कुठं जाऊ? तुझ्या पोरीच्या कापडावर?"

तिचं खरं होतं. मग बाजारला जाताना त्या मुलाम्याच्या कारखान्याच्या फाटकावरून गेले. रोजच जाते, कधी पाहिलं नव्हतं. फाटकाशी हिरवळ केलीय, गुलाब लावलेत. नळाला रबरी पाईप जोडून माळी दिवसभर पाणी सोडतो. मी ओंजळभर घेतलं. इतकं निर्मळ पाणी मी सातपुरात पाहिलं नव्हतं. माळी म्हणाला, "प्या की मावशी, धरणाचं हाय." धरणाचं पाणी पुढच्या फाटकाने आत घेतात आणि मागच्या भिंतीखालून आमच्याकडे सोडतात. मी तिथं उभी राहिले ती माळ्याने दोनदा हटकेपर्यंत.

तर पुढच्या सोमवारी मी माझं बोचकं घेऊन त्या फाटकाशी, त्या नळाच्या पाण्यावर धुवायला बसणार आहे. दगड खंडेराव ट्रकमधून आणून टाकतो म्हणालाय. भागीबाई येते. घाट सोडून गेलेल्या बायकांनाही निरोप गेला, त्यातल्या काही येतील, काही नवऱ्याला विचारतील. एकीने विचारलं, "हाकलून दिलं तर?" भागीबाई म्हणाली, "ओली परटीन आन पिळलेलं धुनं, हाकलून वाळवनार कुठं आमाला?" मला वाटतं हाकलतील. पोलीसही बोलावतील. पण साहेबांची गाडी त्या फाटकातूनच निघते आणि काचेतून आम्ही दिसणारच. साहेबांना पाहिजे तर ते आमचं पाणी पाहायला घाटावर येऊ देत, आम्ही जागा सोडू.

तुला ये म्हणत नाही. परीक्षा संपली आहे एवढं मला माहीत आहे, आणि खंडेरावची गाडी शनिवारी मुंबईहून रिकामी निघते एवढं तुला. आलीस तर जुनं पातळ नेस, भिजशील. रंगाचा डबा आणि जाड ब्रश आण. पाटी लागणार आहे. काय लिहायचं ते मी आणि भागीबाईने ठरवलंय, तू नुसतं लिहायचं. त्यात सुधारणा करायच्या नाहीत.

आई